फकिराची सुई

रमजानचे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की नगरच्या कापडबाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. इफ्तारनंतर दुकानांतले दिवे उशिरापर्यंत जळतात आणि शिंपीदादांच्या दारावर नवे कपडे घेणार नसल्याच्या पाट्या झळकू लागतात. गेल्या काही वर्षांत मात्र आणखी एक गोष्ट दिसू लागली आहे. घरातले जुने शिलाई मशीन पुसून पुन्हा बाहेर काढले जात आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुली स्वतःचा ईदचा कुर्ता स्वतः बेततात, कुणी अब्बांसाठी क्रोशाची टोपी विणते, कुणी मैत्रिणीला देण्यासाठी रुमालावर दोन फुले भरते. तयार कपडे स्वस्त झालेले असताना हा उद्योग कशासाठी, असे मोठ्यांना वाटते. पण हाताने शिवलेल्या वस्तूत काहीतरी असते, हेही त्यांना माहीत असते.

याच जिल्ह्यात, नगरपासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर, एक माणूस जवळजवळ साठ वर्षे एका पडक्या मशिदीत राहिला. आपली फाटकी कफनी तो स्वतः सुई-दोरा घेऊन शिवत बसे. आज त्यांच्या मूर्तीवर जरीची वस्त्रे चढतात. त्यांच्या नावाने जगभर मंदिरे आहेत. पण शिरडीच्या साईबाबांच्या हातातली सुई फारशी कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. चित्रांत चिलीम असते, सटका असतो, टमरेल असते, धुनी असते. सुई बारीक असते. ती चित्रात मावत नाही.

बाबांचा जन्म कुठे झाला, आईवडील कोण, नाव काय, यांपैकी कशाचेही खात्रीचे उत्तर नाही. यावर पुस्तके लिहिली गेली, वाद झाले, अजून होतात. ते बाजूला ठेवलेले बरे, कारण स्वतः बाबांनी ते आयुष्यभर बाजूला ठेवले. सांगितले जाते ते इतकेच की सोळाएक वर्षांचा एक मुलगा शिरडीत लिंबाच्या झाडाखाली बसलेला लोकांना दिसला, मग नाहीसा झाला आणि काही वर्षांनी धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर परत आला. वऱ्हाडाच्या गाड्या खंडोबाच्या देवळाजवळ सुटल्या. देवळाचे पुजारी म्हाळसापती, जातीने सोनार. त्यांनी या तरुण फकिराला साई म्हणून हाक मारली आणि तेच नाव पुढे चिकटले. मात्र फकिराला देवळात राहायचे आहे म्हटल्यावर त्याच म्हाळसापतींनी आधी नकार दिला. मुसलमानाला देवळात कसे ठेवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे हेच म्हाळसापती वर्षानुवर्षे रात्री मशिदीत बाबांच्या शेजारी झोपत. बाबा त्यांना भगत म्हणत. माणसे अशीही बदलतात, आणि बदलायला वेळ घेतात.

सुरुवातीच्या काळातला बाबांचा वेश वेगळा होता. केस वाढवलेले, अंगावर पैलवानी कपडे. शिरडीतल्या मोहिद्दीन तांबोळी नावाच्या माणसाशी त्यांचे कशावरून तरी बिनसले. कुस्ती झाली आणि बाबा हरले. त्यानंतर त्यांनी पोशाखच बदलला. अंगात पायघोळ कफनी, आत लंगोट, डोक्याला गुंडाळलेले फडके आणि बसायला तरटाचा तुकडा. राजेपणापेक्षा फकिरी भली, असे ते म्हणत. हरलेला पैलवान दुसऱ्या डावाची तयारी करतो. यांनी आखाडाच सोडला. हा पोशाख शेवटपर्यंत टिकला.

कफनी या शब्दाकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. मूळ अरबी शब्द कफन, म्हणजे मृताला गुंडाळण्याचे वस्त्र. त्यावरून फकिराच्या लांब अंगरख्याला कफनी म्हणू लागले. जिवंतपणीच कफन पांघरून हिंडणारा तो फकीर, अशी त्यामागची कल्पना. मराठीत हा शब्द इतका मुरला की गोसाव्याच्या आणि बैराग्याच्या अंगरख्यालाही कफनीच म्हणतात. बेतायला हा कपडा सोपा. सरळ कापड, मोठ्या बाह्या, गळ्याला चीर, घोट्यापर्यंत लांबी. ज्याला शिवणकाम शिकायचे आहे त्याने कफनीपासून सुरुवात केली तर फारसे बिघडणार नाही. पण फाटायलाही ती सोपी. काखेत उसवते, गुडघ्यावर विरते, खालची किनार चालताना पायात येते. आणि सतत धुनीजवळ बसणाऱ्याच्या कपड्याला ठिणग्यांची भोके पडणारच.

ही भोके बाबा स्वतः बुजवत. भक्तांच्या आठवणींत हे चित्र येते. मशिदीत बसून ते धागा ओवत आहेत, फाटलेल्या जागी टाके घालत आहेत. बाबांकडे कपड्याला तोटा नव्हता. शेवटच्या दहा वर्षांत तर मुंबईहून, नागपूरहून बडे लोक येत आणि पायाशी कापडाचे ठाण ठेवायला तयार असत. तरी जुनी कफनी टाके घालघालून वापरली जाई. तात्या कोते पाटलांना ते सहन होत नसे. तात्या हे बायजाबाईंचे चिरंजीव. ज्या बायजाबाई बाबांच्या सुरुवातीच्या दिवसांत डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन रानोमाळ त्यांना शोधत फिरायच्या, त्यांचा हा मुलगा बाबांना मामा म्हणे. मामाशी भाच्याने मस्करी करायची नाही तर कुणी करायची? तात्या गप्पा मारता मारता कफनीच्या भोकात बोट घालत आणि ते टरकन मोठे करत, म्हणजे नवी घेण्यावाचून बाबांना इलाज राहू नये. बाबा मात्र पुन्हा सुई शोधत. वर्षानुवर्षे हा खेळ चालला, असे सांगतात.

शिवणे हा काही फक्त गरिबीचा नाइलाज नाही. हजरत आयेशा यांना कुणी विचारले की पैगंबरसाहेब घरात असताना काय करत, तेव्हा त्यांनी सांगितलेल्या कामांत आपले कपडे स्वतः सांधणे आणि चपला दुरुस्त करणे ही कामे होती. हजरत इद्रीस यांना पहिले शिंपी मानण्याची परंपरा आहे. सूफींच्या दुनियेत पैवंद लावलेला खिरका, म्हणजे ठिगळांचा झगा, पीर आपल्या मुरीदाला देतो तेव्हा तीच त्याची सनद ठरते. इकडे महाराष्ट्रात संत नामदेव शिंपी. तिकडे काशीत कबीर मागावर बसलेले. सुई, धागा आणि माग यांची संतमंडळींशी गाठ जुनीच आहे. बाबांनी ती मुद्दाम बांधली असे नाही. त्यांनी आपले कपडे शिवले, एवढेच. पण ज्या प्रदेशात ते बसले होते तिथे ते करताना पाहून हिंदूला नामदेव आठवावा आणि मुसलमानाला सुन्नत, हे साहजिक होते.

शिरडीतल्या त्यांच्या पहिल्या सोबत्यांत एक खरोखरचा शिंपी होता. काशीराम शिंपी. म्हाळसापती आणि अप्पा जोगळे यांच्याबरोबर गावात येणाऱ्या साधू-फकिरांची व्यवस्था पाहणाऱ्यांपैकी तो एक. आठवडे बाजार करत हिंडून तो कापड विके. त्याच्याबद्दलची एक हकिकत अशी सांगतात. बाजारातून परतताना भिल्लांनी त्याला गाठले. त्याने माल जाऊ दिला, पण एक लहानशी पिशवी सोडेना. लुटारूंना वाटले त्यात दागिने असणार. पिशवीत साखर होती, मुंग्यांना घालण्यासाठी. त्या झटापटीत डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव बसूनही काशीराम वाचला. त्या वेळी शिरडीत बाबा स्वतःच आरडाओरडा करत होते, असे भक्त सांगतात. ते ज्याचे त्याने मानावे. मुंग्यांच्या साखरेसाठी जीव धोक्यात घालणारा माणूस मात्र कुणालाही आवडावा.

या काशीरामाने बाबांसाठी हिरवी कफनी आणि टोपी शिवून आणली होती, असे सांगतात. ती पुढे बाबांच्या अंगावर फारशी कुणाला दिसली नाही. तिचे काय झाले ते शेवटी येईल.

बाबांचा दिनक्रम साधा होता. पाच घरी भिक्षा मागायची. झोळीत भाकरी आणि टमरेलात पातळ पदार्थ, सगळे एकत्र. मशिदीत एका कुंडीत ते ओतून ठेवायचे. कुत्री, मांजरे, कावळे त्यात तोंड घालत, झाडलोट करणारी बाई चार भाकरी उचलून नेई. कधी लहर आली की बाबा मोठी हंडी चढवत. तेव्हा सगळे काम त्यांच्याच हातचे. बाजारात जाऊन धान्य-मसाला स्वतः आणायचा, रोख पैसे मोजायचे, मसाला स्वतः वाटायचा. कधी गोड भात, कधी मांसाचा पुलाव. ज्याला जे चालते ते त्याला मिळे. उपवासाबाबत त्यांचे मत रमजानच्या पानावर सांगितले तरी कुणाला राग येऊ नये. उपाशी पोटी देव सापडत नाही, असे ते मानत. तीन दिवस उपास करायच्या निश्चयाने शिरडीला आलेल्या गोखलेबाईंना त्यांनी दादा केळकरांच्या घरी पुरणपोळ्या करायला पाठवले, आणि त्या पोळ्या खाऊ घालून स्वतःही जेवायला सांगितले. दिवस शिमग्याचे होते. दुसऱ्याच्या रोजाला किंवा नमाजाला मात्र त्यांनी आडकाठी केली नाही. ईदची नमाज मशिदीत होई. मोहरमला ताबूत बसवायची परवानगी त्यांनी दिली, चार दिवस ठेवला आणि पाचव्या दिवशी उचलला. त्याच मशिदीला ते द्वारकामाई म्हणत आणि तिथेच धुनी अखंड पेटती होती.

बाबा शिवत, फुलबाग लावत, दळत, रांधत. हाताला काम नाही असा त्यांचा दिवस गेलेला दिसत नाही. आज जिथे समाधिमंदिर उभे आहे तिथे पूर्वी त्यांनी बी आणून झेंडू, जाई, जुई लावली होती. वामन तात्या रोज मातीचे दोन कच्चे घडे देई. बाबा त्यातून पाणी घालत आणि संध्याकाळी घडे झाडाखाली ठेवून देत. कच्चेच ते, लगेच फुटत. दुसऱ्या दिवशी वामन तात्या पुन्हा दोन घडे देई. वस्तू टिकली नाही म्हणून भेट बंद झाली नाही.

चिंध्यांचीही एक गोष्ट आहे. नानासाहेब डेंगळे यांनी झोपण्यासाठी चार हात लांब आणि वीतभर रुंद अशी लाकडी फळी आणून दिली. बाबांनी ती जमिनीवर ठेवण्याऐवजी मशिदीच्या आढ्याला जुन्या चिंध्यांनी टांगली आणि त्यावर झोपू लागले. चिंध्या इतक्या विरलेल्या की फळीचाच भार पेलतील की नाही, अशी शंका. बाबा चढतात कसे आणि उतरतात कसे, हे पाहायला लोक गर्दी करू लागले. गर्दीला कंटाळून बाबांनी एके दिवशी फळीच मोडून टाकली. यात चमत्कार शोधणाऱ्यांना चमत्कार सापडतो. जुन्या कापडाला टाकाऊ न मानणारा माणूस शोधला तर तोही सापडतो.

दुसऱ्याला देताना मात्र बाबांचा हात आखडत नसे. मशिदीची दुरुस्ती सुरू होती तेव्हा खांब उभे करण्यावरून ते भडकले. खांब हलवला आणि तात्याच्या डोक्यावरचा फेटा ओढून, काडी लावून खड्ड्यात फेकला. सगळे घाबरले. थोड्या वेळाने राग उतरला. बाबांनी दुकानदाराला बोलावले, जरीचा फेटा विकत घेतला आणि स्वतःच्या हाताने तात्याच्या डोक्याला बांधला. स्वतःच्या अंगावर ठिगळे आणि भाच्याच्या डोक्यावर जर. कफनीची भोके मोठी करणाऱ्या तात्याला हा त्यांचा जबाब होता की काय, कोण जाणे.

नगर शहराचा आणि शिरडीचा धागा एका कापडाने जोडला गेला, ही गोष्ट नगरकरांना ठाऊक असायला हवी. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना मूल झाले, त्या आनंदात त्यांनी 1897 साली शिरडीत उरूस भरवण्याचे ठरवले. परवानगीला आधी अडथळा आला, मग मिळाली. बाबांनी दिवस नेमून दिला तो रामनवमीचा. उरसासाठी दोन निशाणे हवी होती. एक निशाण गुंडांनी आपले नगरचे मित्र दामूअण्णा कासार, म्हणजे रासने, यांच्याकडून मागवले. दुसरे भरतकाम केलेले निशाण निमोणच्या नानासाहेब निमोणकरांनी दिले. गावातून मिरवत नेऊन ती मशिदीच्या दोन कोपऱ्यांना लावली गेली. त्याच दिवशी कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर दलाल यांनी संदलची मिरवणूक सुरू केली. थाळ्यांत चंदन आणि धूप, पुढे वाजंत्री. निशाणे हिंदू घरांतून, संदल मुसलमान घरांतून, दोन्ही एकाच मशिदीकडे. 1912 पासून रामजन्माचा उत्सवही त्यात आला, पण संदल थांबला नाही. याच दामूअण्णांना पुढे मुंबईच्या मित्राबरोबर कापसाचा मोठा सट्टा करायचा होता. बाबांनी त्यांना आहे त्यात समाधान मानायला सांगून परावृत्त केले. मित्राने सौदा केला आणि त्यात तो बुडाला.

इतके सगळे असूनही लोकांचा एक प्रश्न संपत नव्हता. बाबा हिंदू की मुसलमान? कान टोचलेले आहेत म्हणून हिंदू, मशिदीत राहतात म्हणून मुसलमान. धुनी पेटवतात म्हणून हे, अल्लामालिक म्हणतात म्हणून ते. 1916 च्या दसऱ्याला संध्याकाळी लोक सीमोल्लंघन करून परतत होते. बाबा एकाएकी संतापले. डोक्याचे फडके, कफनी, लंगोट, अंगावरचे सगळे कपडे फाडून त्यांनी धुनीत टाकले. ज्वाळा वर उसळली. ते तसेच उभे राहिले आणि आता नीट पाहून ठरवा मी हिंदू आहे की मुसलमान, असे लोकांना म्हणाले. कुणाची जवळ जायची हिंमत होईना. शेवटी भागोजी शिंदे पुढे झाला. भागोजी महारोगी. बाबांची सेवा करणारा. त्याने धीर करून बाबांना लंगोट नेसवला आणि आज सणाचा दिवस आहे, अशी आठवण करून दिली. राग उतरायला रात्रीचे अकरा वाजले. नंतर चावडीची मिरवणूक निघाली.

ज्या कफनीची भोके त्यांनी वर्षानुवर्षे टाके घालून बुजवली, ती त्या दिवशी एका क्षणात जळाली. कपड्यावरून माणूस ओळखणाऱ्यांना यापेक्षा स्पष्ट काय सांगायचे राहिले होते? ज्याला रोगामुळे लोक हात लावायला कचरत, त्याच्याच हाताने त्यांनी पुन्हा वस्त्र घेतले, हे मात्र त्या रात्रीचा उल्लेख करताना बहुतेक जण विसरतात.

दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1918 रोजी, पुन्हा दसऱ्याच्याच दिवशी दुपारी अडीचच्या सुमारास बाबा गेले. हिजरी कालगणनेने तो मोहरमचा महिना होता. त्याआधी काही दिवस त्यांची उशाची वीट एका पोऱ्याच्या हातून पडून फुटली होती. ती जन्मभराची सोबतीण गेली म्हणून बाबा खूप हळहळले होते. जाण्यापूर्वी त्यांनी लक्ष्मीबाई शिंदे यांना खिशातून आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले. रोज शेकड्यांनी दक्षिणा येत असे आणि संध्याकाळपर्यंत वाटून संपत असे. मागे संपत्ती अशी काही राहिली नाही.

मग तोच प्रश्न परत आला. मुसलमान भक्तांचे म्हणणे पडले की मोकळ्या जागेत दफन करून वर कबर बांधावी. अमीर शक्कर यांचेही तेच मत होते. दुसऱ्या बाजूला नागपूरच्या बापूसाहेब बुट्टींच्या वाड्यात ठेवण्याचा आग्रह होता. बाबांनी स्वतः शेवटी वाड्यात न्यायला सांगितले होते, अशी त्यांची भूमिका. छत्तीस तास वाद चालला. कोपरगावचे मामलेदार आले. गावकऱ्यांची मते घेतली गेली. वाड्याच्या बाजूने दुप्पट मते पडली, तरी प्रकरण नगरला कलेक्टरांकडे न्यावे अशी भाषा झाली. काकासाहेब दीक्षित नगरला निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने समजूतदारपणा दाखवला आणि वाड्यातल्या समाधीला संमती दिली. हाणामारी झाली नाही. दोन्हीकडची माणसे त्या वेळी वाड्यात होती, आणि दफनच झाले, दहन नव्हे. आज समाधिमंदिरात जाणाऱ्या किती जणांना हे लक्षात येते?

बाबांचे एक गाठोडे होते. त्याला ते कुणाला हात लावू देत नसत. आत काय असेल यावर बरेच तर्क चालत. ते गेल्यावर ते उघडले, तेव्हा त्यात काशीराम शिंप्याने शिवलेली ती हिरवी कफनी आणि टोपी निघाली, असे सांगतात. किती वर्षे ती घडी तशीच जपून ठेवली होती. समाधीत देहाबरोबर ज्या वस्तू ठेवल्या गेल्या त्यांची यादीही जुन्या भक्तांच्या आठवणींत येते. तारांनी बांधून पुन्हा जोडलेली ती फुटकी वीट, ते गाठोडे, आणि कफनी शिवायची सुई आणि दोरा.